विश्वासाने नीतिमत्त्व, सर्वांसाठी : रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय घरसभेत कसा अभ्यासावा

बायबलच्या नव्या करारातील रोमकरांस पत्र म्हणजे प्रेषित पौलाने रोममधील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेले पत्र. त्याच्या तिसऱ्या अध्यायातील २१ ते ३१ ही अकरा वचने ख्रिस्ती शिकवणुकीच्या गाभ्याशी आहेत. तरीही आपल्या घरसभांमध्ये त्यांतले तेविसावे वचनच पुन्हा पुन्हा वाचले जाते. सर्वांनी पाप केले आहे, हे लहान मुलांनाही पाठ असते. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे, म्हणजे देव विश्वास ठेवणाऱ्या सर्वांना आपल्या कृपेने, काहीही मोल न घेता, नीतिमान (आपल्यापुढे निर्दोष) ठरवतो आणि असे करताना यहूदी व परराष्ट्रीय (यहूदी नसलेले) असा भेद करत नाही, हे मात्र ओझरते राहते. ज्यांना घरसभेत, तरुण संघात किंवा कुटुंबाच्या प्रार्थनेत हा भाग सावकाश शिकवायचा आहे, त्यांच्यासाठी ही मांडणी आहे. चार बैठका पुरतात. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : बाविसाव्या वचनातील ‘सर्व’ आणि ‘भेद नाही’ हे या शिकवणुकीचे हृदय आहे आणि चारही बैठकांची आखणी ते धरूनच करावी.

पहिल्या बैठकीपूर्वी

वर्ग घेणाऱ्याने आधी संपूर्ण पत्र एका बैठकीत मोठ्याने वाचून काढावे. सोळा अध्यायांना साधारण एक-सव्वा तास लागतो. हे पत्र मुळात मंडळीत मोठ्याने वाचून दाखवण्यासाठीच लिहिले गेले होते, आणि कानावर पडताना त्यातील युक्तिवादाची चढण जशी जाणवते तशी तुकड्यातुकड्यांनी वाचताना जाणवत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात पण अचूक सांगावी. पौलाने हे पत्र इ. स. ५७ च्या सुमारास करिंथ येथून लिहिले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तर्तियाने ते त्याच्या सांगण्यावरून उतरवून घेतले, आणि किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी ते घेऊन रोमला गेली असावी, असे सोळाव्या अध्यायावरून दिसते. त्याआधी काही वर्षे, सुमारे इ. स. ४९ मध्ये, सम्राट क्लौद्याने यहूद्यांना रोम सोडून जाण्याचा हुकूम दिला होता. अक्विल्ला व प्रिस्किल्ला याच कारणाने करिंथला आले, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात नोंदलेले आहे. क्लौद्य इ. स. ५४ मध्ये मरण पावला, आणि पौल हे पत्र लिहीत होता तेव्हा हे जोडपे रोमला परतलेले होते व त्यांच्या घरात मंडळी भरत होती. जी मंडळी मधली काही वर्षे मुख्यतः परराष्ट्रीयांची राहिली, तिच्यात आता यहूदी विश्वासणारे परत येत होते. घर कोणाचे, मान कोणाचा, खाण्यापिण्याचे कोणाचे नियम चालणार, हे प्रश्न त्या खोल्यांमध्ये जिवंत असणार. ही परिस्थिती वर्गाच्या डोळ्यांपुढे उभी राहिली नाही, तर पौल एवढ्या तळमळीने ‘सर्व’ का म्हणतो ते कळणे कठीण जाते.

पहिली बैठक : आरोप पूर्ण ऐकून घ्यावा

पहिल्या बैठकीत १:१८ (पहिला अध्याय, अठरावे वचन) पासून ३:२० पर्यंतचा भाग घ्यावा. तो टाळून थेट आनंदाच्या वचनांकडे जाण्याचा मोह होतो, कारण या भागात क्रोध आहे, लज्जा आहे आणि माणसाच्या अधःपाताचे कठोर वर्णन आहे. परंतु आरोपपत्र न वाचता निकाल ऐकला, तर निकालाचे महत्त्व समजत नाही.

येथे वाचनाची एक पद्धत उपयोगी पडते. १:१८ ते १:३२ वाचून थांबावे आणि हे वर्णन कोणाला लागू पडते असे वाटते, ते विचारावे. बहुतेक उत्तरे दुसऱ्यांविषयीची येतील : मूर्तिपूजक, व्यसनी, भ्रष्टाचारी, आजकालची पिढी. कोणालाही खोडून न काढता लगेच २:१ वाचावे, जेथे पौल दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसाकडे वळतो आणि तूही तेच करतोस म्हणून तुलाही सबब नाही, असे त्याला सांगतो. पौलाने आपल्या श्रोत्यांना नेमके याच वळणावर आणले होते. परराष्ट्रीयांच्या पापांचे वर्णन ऐकून मान डोलावणारा यहूदी श्रोता दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात स्वतः पकडला जातो. वर्गातील माणसांना हे वळण स्वतः घेऊ द्यावे. शिक्षकाने ते आधी समजावून सांगितले, तर त्याची धार जाते.

३:१० ते ३:१८ मध्ये पौलाने स्तोत्रसंहितेतील आणि यशयाच्या ५९ व्या अध्यायातील वचनांची माळ ओवली आहे. त्यात घसा, जीभ, ओठ, तोंड, पाय आणि डोळे असे एकामागून एक अवयव येतात. ते वर्गाकडून शोधून घ्यावेत. माणसाचा कोणताही भाग, आणि कोणताही माणूस, या यादीच्या बाहेर राहत नाही. ही वचने इस्राएलाच्या स्वतःच्या पवित्र शास्त्रातील आहेत, हेही लक्षात आणून द्यावे. कारण ३:१९ मध्ये पौल म्हणतो की नियमशास्त्र जे बोलते ते नियमशास्त्राधीन असलेल्यांनाच बोलते, आणि म्हणून प्रत्येक तोंड बंद होते.

ही बैठक येथेच, कोणतेही सांत्वन न जोडता, संपवावी. पुढच्या आठवड्यापर्यंत हे ओझे राहू द्यावे, असे मी मनापासून सुचवतो. जिला दोषाची जाणीव आधीच छळत आहे अशी एखादी व्यक्ती वर्गात असेल, तर मात्र बैठकीनंतर तिच्याजवळ बसून ३:२४ वाचून दाखवावे. अशा व्यक्तीला आठवडाभर थांबवणे योग्य नाही.

दुसरी बैठक : नीतिमान ठरवणारा न्यायाधीश स्वतः न्यायी कसा

दुसऱ्या बैठकीत ३:२१ ते ३:२६ एवढी सहाच वचने घ्यावीत. संपूर्ण अभ्यासात सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा, आणि वेळ कमी पडला तर दुसऱ्या एखाद्या बैठकीतून तो काढून घ्यावा.

सुरुवात जुन्या करारातून करावी. अनुवाद २५:१ मध्ये न्यायाधीशांना आज्ञा आहे की त्यांनी निर्दोष्याला निर्दोषी आणि दोष्याला दोषी ठरवावे. नीतिसूत्रे १७:१५ म्हणते की दुष्टाला निर्दोषी ठरवणारा आणि नीतिमानाला दोषी ठरवणारा, दोघेही परमेश्वराला वीट आणतात. निर्गम २३:७ मध्ये परमेश्वर स्वतः म्हणतो की मी दुष्टाला निर्दोषी ठरवणार नाही. ही तीन वचने तिघांकडून वाचून घ्यावीत आणि मग रोमकरांस पत्रातील ४:५ वाचावे, जेथे देवाला अधर्म्याला नीतिमान ठरवणारा म्हटले आहे. यात जो पेच आहे तो वर्गाला जाणवला पाहिजे. लाच घेऊन गुन्हेगाराला सोडून देणाऱ्या न्यायाधीशाला आपण चांगला म्हणत नाही. मग देव पाप्याला मोकळे सोडतो तेव्हा तो न्यायी कसा राहतो? देव दयाळू आहे, एवढे उत्तर येथे पुरत नाही. पुरले असते, तर पौलाला २५ वे आणि २६ वे वचन लिहावेच लागले नसते.

त्याचे उत्तर तीन ठिकाणांहून येते आणि तिन्ही ठिकाणे वर्गाला ओळखता आली पाहिजेत. नीतिमान ठरवणे ही न्यायालयातील गोष्ट आहे : तो निकाल आहे, आरोपीच्या स्वभावाचे प्रमाणपत्र नव्हे. खंडणी भरून केलेली सुटका ही गुलामांच्या बाजारातील गोष्ट आहे, आणि इस्राएल लोकांना तिच्याबरोबर मिसर देशातून झालेली सुटका आठवत असे. रक्त व प्रायश्चित्त ही मंदिरातील गोष्ट आहे. तिसऱ्या ठिकाणी थोडे अधिक थांबावे, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये लेवीय क्वचितच वाचले जाते.

निर्गमच्या २५ व्या अध्यायात कराराच्या कोशावरील (देवाच्या आज्ञा ठेवलेल्या पेटीवरील) दयासनाचे, म्हणजे तिच्या झाकणाचे, वर्णन आहे : शुद्ध सोन्याचे, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दोन्ही टोकांना करूब, म्हणजे पंख असलेल्या स्वर्गीय प्राण्यांच्या आकृती. लेवीय १६ प्रमाणे वर्षातून एकदाच, प्रायश्चित्ताच्या दिवशी, प्रमुख याजक पडद्याच्या आत जाई. आधी स्वतःच्या पापांसाठी गोऱ्ह्याचे रक्त आणि मग लोकांच्या पापांसाठी बकऱ्याचे रक्त तो दयासनावर व दयासनासमोर शिंपडी. दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापे कबूल केली जात आणि तो रानात सोडून दिला जाई. यातील रक्त शिंपडण्याचे काम लोकांच्या नजरेआड घडत असे. बाहेर उभे राहिलेले लोक फक्त वाट पाहत. आता पौलाचे वाक्य (३:२५) वाचावे : देवाने ख्रिस्ताला, त्याच्या रक्ताने होणारे प्रायश्चित्त म्हणून, उघडपणे पुढे ठेवले. जे पडद्याआड एका याजकापुरते होते, ते वेशीबाहेर वधस्तंभावर, यहूदी व रोमी अशा दोघांच्याही डोळ्यांदेखत घडले. पापाचा न्याय टाळला गेला नाही. देवाने तो आपल्या पुत्राच्या ठायी स्वतःवर घेतला. म्हणून तो स्वतः न्यायी राहतो आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवणाराही होतो.

येथे एक सावधगिरी बाळगावी. रागावलेला पिता आणि त्याला शांत करणारा दयाळू पुत्र, असे चित्र काही वेळा उपदेशांतून उभे केले जाते. पंचविसाव्या वचनातील वाक्याचा कर्ता देव आहे. पुत्राला पुढे ठेवणारा पिताच आहे. हे स्पष्ट सांगितले नाही, तर वर्गातील माणसे येशूवर प्रेम करतील आणि पित्याला भीत राहतील.

विश्वास कमी पडतो म्हणणाऱ्यांसाठी

याच बैठकीत, किंवा तिच्यानंतर चहाच्या वेळी, कोणीतरी हळूच विचारते : माझा विश्वास कमी आहे, मग माझे काय? आपल्याकडे हा प्रश्न फार दुखरा आहे, कारण आजार बरा न झालेल्या, नोकरी न लागलेल्या, मूल न झालेल्या माणसांना तुमचाच विश्वास कमी पडला, असे सांगितले गेलेले असते. अशा बोलण्याने विश्वासाचेच एक कर्म बनते आणि नीतिमत्त्व पुन्हा कमाईवर येऊन ठेपते.

उत्तर देताना वर्गाला अब्राहामाकडे न्यावे. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात त्याचा विश्वास डळमळला नाही असे म्हटले आहे. परंतु उत्पत्ती १७:१७ मध्ये मुलाचे वचन ऐकून तो पालथा पडून हसतो आणि शंभर वर्षांच्या माणसाला मूल होईल काय, असे मनात म्हणतो. त्याआधी सोळाव्या अध्यायात देवाच्या वचनाची वाट न पाहता दासी हागारेपासून मूल मिळवण्याचा मार्ग धरलेला आहे. हाच माणूस विश्वासणाऱ्यांचा पिता ठरला. मार्क ९:२४ मधील बापही आपला अविश्वास झाकत नाही, तो घालवण्यासाठी येशूलाच विनवतो, आणि येशू त्याच्या मुलाला बरे करतो. विश्वास हा भिक्षेसाठी पुढे केलेला हात आहे. हात थरथरत असला म्हणून भिक्षा कमी होत नाही, कारण तिचे मोल देणाऱ्यावर ठरते.

तिसरी बैठक : पंगतीचा प्रश्न

तिसऱ्या बैठकीत ३:२७ ते ३:३१ वाचावे आणि त्याबरोबर गलतीकरांस पत्रातील २:११ ते २:१६ घ्यावे. हे दुसरे पत्र रोमकरांस पत्रापूर्वी लिहिलेले आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बंधूंबरोबर जेवत असे. यरुशलेमेतील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आल्यावर तो भिऊन माघार घेऊ लागला आणि वेगळा राहू लागला. इतर यहूदीही त्याच्यामागे गेले, पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा ओढला गेला. पौलाने सर्वांसमोर पेत्राला दोष दिला, आणि त्याच बोलण्याच्या ओघात मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांनी नीतिमान ठरत नाही, तर ख्रिस्तावरील विश्वासाने ठरतो, हे वाक्य आले आहे.

याचा अर्थ वर्गाने नीट मनावर घ्यावा. पौलाच्या पत्रांत ही शिकवण एवढ्या स्पष्टपणे पुढे येते ती जेवणाच्या पंगतीवरून झालेल्या वादात. पेत्राने कोणताही खोटा सिद्धांत शिकवला नव्हता. तो फक्त उठून दुसरीकडे बसला होता. तेवढ्याने सुवार्तेच्या सत्याला बाध येतो, असे पौल म्हणतो. रोमकरांस पत्रात तो हेच तर्काने मांडतो : देव केवळ यहूद्यांचा आहे काय? तो परराष्ट्रीयांचाही नाही काय? देव एकच आहे, हे अनुवाद ६:४ मधील कबुलीजबाब प्रत्येक धार्मिक यहूदी रोज म्हणत असे, आणि पौल तोच हाती घेऊन सांगतो की देव एक असेल, तर सुंता झालेल्यांना आणि न झालेल्यांना, म्हणजे यहूद्यांना आणि परराष्ट्रीयांना, नीतिमान ठरवण्याचा मार्गही एकच असला पाहिजे.

मराठी ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न परका नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांनी बराच काळ आपले सोवळे सांभाळले, आणि पतीजवळ राहावयास आल्यावरही त्यांचे अन्नपाणी वेगळे असे. पुढे त्यांनी स्वतः विचार करून जातिभेद मनातून काढून टाकला आणि त्यानंतर त्या ख्रिस्ती झाल्या. जातीची भिंत त्यांच्या मनात आधी पडली, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरांत बाप्तिस्मा होऊन पिढ्या लोटल्या तरी ती उभी आहे. म्हणून या बैठकीत पुढील प्रश्न टाळू नयेत : लग्न जुळवताना आपण समोरच्या ख्रिस्ती घराची मूळ जात विचारतो का? मंडळीच्या समितीवर ठरावीक आडनावेच का दिसतात? मंडळीतील कोणाच्या घरी आपण आजवर एकदाही जेवलो नाही? या प्रश्नांची उत्तरे वर्गात जाहीरपणे मागू नयेत, कारण त्यातून नावे निघतात आणि माणसे दुखावतात. प्रश्न वाचून दाखवावेत, काही मिनिटे शांतता ठेवावी आणि प्रार्थना करावी. पुढच्या बैठकीचे जेवण मात्र आजवर ज्यांच्याकडे कधीच बैठक झाली नाही अशा घरी ठेवावे. त्यांना खर्चाचा भार होणार असेल, तर सर्वांनी आपापला डबा आणून तेथे एकत्र जेवावे.

चौथी बैठक : अब्राहामाचे वय लिहून काढावे

चौथ्या अध्यायातील युक्तिवाद कालक्रमावर उभा आहे, म्हणून एका मोठ्या कागदावर अब्राहामाचे वय लिहीत जावे. हारान सोडताना तो ७५ वर्षांचा होता (उत्पत्ती १२:४). पंधराव्या अध्यायात त्याने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व असे गणण्यात आले. इश्माएल जन्मला तेव्हा तो ८६ वर्षांचा होता (१६:१६). सुंता झाली तेव्हा तो ९९ वर्षांचा होता (१७:२४). इसहाक जन्मला तेव्हा तो १०० वर्षांचा होता (२१:५), आणि इसहाकाला वेदीवर नेण्याची कसोटी त्याहून पुढे, बाविसाव्या अध्यायात येते. आता वर्गाला विचारावे : अब्राहाम नीतिमान गणला गेला तेव्हा त्याची सुंता झाली होती का? कागद पाहताच उत्तर मिळते. सुंतेच्या किमान १३ वर्षे आधी, तो अजून बेसुंती असताना, हे घडले. म्हणूनच तो सुंता न झालेल्या विश्वासणाऱ्यांचाही पिता आहे.

हाच कागद याकोबाच्या पत्राविषयीचा गोंधळही बराचसा दूर करतो. याकोब २:२१ ते २:२४ मध्ये अब्राहाम कर्मांनी नीतिमान ठरला असे म्हटले आहे, आणि याकोबाचे उदाहरण बाविसाव्या अध्यायातील आहे. पौल पंधराव्या अध्यायाजवळ उभा आहे. याकोबाचा रोख फक्त तोंडाने म्हटलेल्या विश्वासावर आहे, असा विश्वास भुतांनाही असतो असे तो त्याच अध्यायात सांगतो. पौलही गलतीकरांस ५:६ मध्ये प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासाविषयीच बोलतो, आणि इफिसकरांस २:८-१० मध्ये कर्मांनी नव्हे, असे सांगून झाल्यावर लगेच सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले, असेही सांगतो. दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची घाई करू नये.

दाविदाचे उदाहरण (४:६-८) पुष्कळदा सुटून जाते. त्याच्याजवळ नियमशास्त्र होते, सुंता होती, राजपद होते. आणि ३२ व्या स्तोत्रात तो धन्य म्हणतो ते ज्याच्या पापाची क्षमा झाली त्या माणसाला.

वर्गात कॅथलिक व प्रोटेस्टंट दोन्ही परंपरांतील माणसे असतील

मुंबई, पुणे, वसई, नाशिक अशा ठिकाणी मिश्र कुटुंबे पुष्कळ आहेत, म्हणून वर्ग घेणाऱ्याला या विषयाचा इतिहास ठाऊक असावा. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५१५-१६ मध्ये विटेनबर्ग येथे रोमकरांस पत्रावर व्याख्याने दिली. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबातील (ल्यूथरन मंडळ्यांच्या विश्वासाच्या जाहीरनाम्यातील) चौथे कलम याच शिकवणुकीचे आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४७ मध्ये आपला निर्णय दिला. स्थूलमानाने, प्रोटेस्टंट शिकवण ख्रिस्तामुळे मिळालेल्या निकालावर भर देते आणि जीवनातील बदल त्याचे फळ मानते. कॅथलिक शिकवण, बाप्तिस्म्यात सुरू होणारे अंतःकरणाचे नवीकरणही नीतिमान ठरण्यातच समाविष्ट आहे असे मानते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव आपला स्वीकार करतो आणि पवित्र आत्मा देतो, असे त्यात दोघांनी मिळून मान्य केले आहे. पुढे २००६ मध्ये मेथडिस्टांनी आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघाने त्याला संमती दिली. सर्व मतभेद मिटले असे म्हणू नये. परंतु कॅथलिक माणसे कर्मांनी तारण मानतात, असे सरसकट विधानही वर्गात चालू देऊ नये. ते खरे नाही, आणि शेजारी बसलेल्या भावंडाविषयी खोटी साक्ष होते.

मग पाप करीत राहिले तरी चालेल का, हा प्रश्न कोणी विचारला, तर शिकवण नीट पोहोचल्याची ती खूण समजावी. पौलालाही तो ६:१ मध्ये हाताळावा लागला. त्याचे उत्तर बाप्तिस्म्याचे आहे : जो ख्रिस्ताबरोबर मेला व उठला, तो जुन्या जीवनात कसा राहील?

चार बैठका झाल्यावर वर्ग सहावा, सातवा आणि आठवा अध्याय पुढे घेऊ शकतो. परंतु वेळ थोडाच उरला असेल, तर चौदावा आणि पंधराव्याचा पूर्वार्ध आधी घ्यावा. तेथे मांस खाणारे आणि केवळ भाजीपाला खाणारे, विशिष्ट दिवस पाळणारे आणि न पाळणारे, असे रोममधील खरेखुरे बंधू समोर येतात, आणि ख्रिस्ताने तुमचा स्वीकार केला तसा तुम्ही एकमेकांचा स्वीकार करा, असे १५:७ मध्ये पौल त्यांना सांगतो. हे दोन अध्याय वाचण्यासाठी वर्ग तिसऱ्या बैठकीनंतर ज्या घरी एकत्र जेवला, त्याच घरी पुन्हा बसावे, आणि त्या घरच्या माणसांनाच वाचन करावयास सांगावे.